फेजच्या हॉटेलसाठी एकेचाळीस प्रश्न

ओंगार, डब्लिन
१५ नोव्हेंबर २०२०

मुक्ता,

काल लक्ष्मीपूजन झालं. तुला फोन लावला, लागला नाही. मेसेज टाकला, त्यावर एकच टिक आली आणि तशीच राहिली. तुझ्या भाचीला, रुचाला दाखवलं, तर ती टोस्ट खाता खाता म्हणाली, "मॅम, शी ब्लॉक्ड यू. लाइक, मन्थ्स अगो." म्हणजे गणपतीपासून मी तुला पाठवलेले कोथिंबीर वडीचे फोटो, वाफ घेण्याचे व्हिडिओ आणि पासष्ट सुप्रभात कुठल्या विहिरीत पडत होते कोण जाणे. पोस्टमनला ब्लॉक करता येत नाही, म्हणून हे पत्र. चकल्यांचा डबा वेगळा पाठवतेय.

तू लग्न करणार आहेस हे आईने फोनवर सांगितलं. आधी गॅस एजन्सी, मग शेजाऱ्यांचा कुत्रा, आणि मग, "अगं, मुक्ताचं तर तुला माहीतच असेल." मी म्हटलं, "हो तर." मला माहीत नव्हतं. सख्ख्या बहिणीचं लग्न, ती दोन तासांवर लिमरिकला, आणि बातमी मला पुण्याहून!

गणपतीत काय झालं ते मी उकरून काढत नाही. तुझ्या त्या ठोंब्याबद्दल मी वाईट काही बोलले नव्हते, फक्त त्याच्या तब्येतीबद्दल एक वाक्य बोलले. मराठीत बोलले. त्याला मराठी येतं हे तू मला आधी सांगायला हवं होतंस.

असो. मी मोठी आहे, मीच पुढे होते. तुमच्या हनिमूनचं हॉटेल हा माझा आहेर. ठिकाणही ठरवलंय, मोरोक्कोमधलं फेज. टीव्हीवर पाहिलं मी. जुन्या शहरात, म्हणजे तिथल्या मदिनेत, हजार वर्षांपूर्वीच्या गल्ल्या आहेत, दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने भिंतीला चिकटायचं. बाहेरून घर म्हणजे नुसती मातकट भिंत. आणि दार उघडलं की आत चौक, नक्षीच्या फरश्या, संत्र्याची झाडं, राजवाडाच. अशा घरांची आता हॉटेलं केलीत, त्यांना रियाद म्हणतात. त्यातलं सगळ्यात उत्तम मी शोधून काढणार.

प्रकाश नवऱ्याच्या ठेवणीतल्या आवाजात म्हणाला, "आपल्याला पाच किलोमीटरपलीकडे जायला बंदी आहे, मेनूथलासुद्धा जाता येत नाही, आणि तू आफ्रिकेतली हॉटेलं बघतेस?" मी म्हटलं, बघायला परवानगी लागत नाही.

तू काही करू नकोस. सगळं माझ्यावर सोड.

ताई

ओंगार
६ डिसेंबर २०२०

मुक्ता,

उत्तर नाही. चकल्या पोचल्या का? एवढं तरी कळव.

हॉटेलांचं काम जोरात आहे. सव्वीस होती, गाळत गाळत तिनावर आलेय. सोळा वर्षं सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायची नोकरी करतेय, ती कुठेतरी कामाला येणारच. तिघांनाही एकेचाळीस प्रश्न पाठवले. वेशीपासून किती पावलं? सामान कोण आणणार, माणूस की खेचर? खेचर असेल तर पावसात बॅगेवर झाकण घालता का? खोलीपर्यंत पायऱ्या किती, त्यांची उंची किती? कमोडशेजारी पाण्याची नळी आहे का? शाकाहारी म्हटल्यावर कोंबडी वाढणार नाही ना?

पहिल्याला मी कारंजेवालं म्हणते. चौकात मोठं कारंजं आहे आणि खोल्या त्याच्याभोवती. त्यांनी एकेचाळीस प्रश्नांना मिळून एकच उत्तर पाठवलं, "येस, मादाम." यावर कोण विश्वास ठेवणार? शिवाय ते पाणी दिवसरात्र खळखळणार, झोप लागणं शक्य नाही. बाद. दुसरं गच्चीवालं. गच्चीवरून अख्खं शहर दिसतं, पण कातडी कमावायचे हौदही दिसतात, आणि जे दिसतं त्याचा वासही येतो. जवळजवळ बाद.

तिसऱ्याची मालकीण नईमा म्हणून आहे. साठीची असेल. तिने एकेचाळीस प्रश्नांची एकेचाळीस उत्तरं क्रमांक घालून पाठवली. पायऱ्या सेहेचाळीस, तिने स्वतः चढून मोजल्या. खाली लिहिलं होतं, "मार्चपासून इथे एकही पाहुणा आलेला नाही. पायऱ्या किती हे वर्षभरात कुणी विचारलं नाही. आज चढताना बरं वाटलं." मग तिने तिचा एक प्रश्न विचारला. तुमच्या बहिणीला काय आवडतं?

काय विचारणं झालं! मी लिहिलं, चांगलं ते सगळं आवडतं.

आणि ठीक आहे, मी बैल म्हणाले. "मुक्ते, अगं हा नुसता बैल आहे, शिंगं तेवढी नाहीत," असं म्हणाले. पण पोळा होऊन चारच दिवस झाले होते, डोक्यात तोच शब्द होता. आणि माणूस साडेसहा फूट. दारातून आत आला तेव्हा मखर हललं. त्याने मोदक खाली ठेवून अगदी शांतपणे, "डॉक्टर आहे मी. बैलांचा," असं म्हटलं नसतं, तर तो विषय तिथेच संपला असता. गुरांचा डॉक्टर आहे हे मला खरंच माहीत नव्हतं. डॉक्टर एवढंच तू सांगितलं होतंस.

तू पानावरून उठून गेलीस. मी उकडलेले एकवीस मोदक रुचाने आणि मी तीन दिवस खाल्ले.

ताई

ओंगार
१० जानेवारी २०२१

मुक्ता,

आज हॉटेलाचं काही नाही.

बातम्यांत रोज कोविडचे आकडे सांगतात. लिमरिकचं नाव आलं की प्रकाश आवाज कमी करतो आणि मी तो परत वाढवते. तू भूलतज्ज्ञ आहेस, म्हणजे नळी घालायला सगळ्यांत पुढे, पेशंटच्या तोंडाशी. मला हे कळतं. मला कळत नाही असं तुला वाटतं, म्हणून लिहिलं.

आईला मी सांगते, मुक्ताशी रोज बोलणं होतं. रोज काहीतरी बनवून सांगावं लागतं. काल सांगितलं, तू मुगाची खिचडी केलीस.

मला फक्त एक ओळ पाठव. ओळसुद्धा नको. "आहे" एवढं लिहिलंस तरी चालेल.

ताई

ओंगार
२४ जानेवारी २०२१

प्रिय मुक्ता, आणि डेक्लन, कारण हे पत्र तूच वाचणार आहेस,

परवा दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. मी मीटिंगमध्ये होते, तरी घेतला. "हॅलो, रेवतीताई का? मी डेक्लन बोलतो. घाबरू नका. मुक्ता आजारी आहे. घरी आहे. ऑक्सिजन चांगला आहे. घाबरू नका." दोनदा घाबरू नका म्हणाल्यावर मी मीटिंगमधल्या अकरा जणांसमोर रडायला लागले. माइक चालू होता. आता ऑफिसात सगळे माझ्याशी फार गोड वागतात.

मग म्हणालास, "ताई, एक शब्द विचारू? ठोंब्या म्हणजे काय?"

मी म्हटलं, "शांत माणूस."

"असं का? मुक्ता म्हणाली, ठोंब्या म्हणजे ठोंब्या."

डेक्लन, मुक्ताचं बरोबर आहे.

मुक्ता, त्याने मला सगळं सांगितलं. माझी पत्रं तू फाडली नाहीस आणि उघडलीही नाहीस. गरम पाण्याच्या टाकीचं जे कपाट असतं, ज्याला हे लोक हॉट प्रेस म्हणतात, त्यात टॉवेलांखाली ठेवलीस. ताप चढल्यावर तो टॉवेल काढायला गेला आणि तीन पाकिटं त्याच्या हातात आली, चांगली उबदार. त्याने विचारलं, वाचू? तू म्हणालीस, "वाच, पण मला सांगू नकोस." मग हा साडेसहा फुटी माणूस मांडीवर अंकलिपी घेऊन, एकेका अक्षरावर बोट ठेवत, एक पत्र दोन दिवसांत असं वाचत गेला. जानेवारीचं वाचून झाल्यावर त्याच्याच्याने राहवलं नाही, त्याने फोन उचलला. आणि सांगू नकोस म्हणणारी तूच आता त्याला विचारतेस म्हणे, "मग नईमाने पुढे काय लिहिलं?"

तर नईमाने काय लिहिलं ते सांगते. "मादाम, चांगलं ते सगळं आवडतं हे उत्तर नव्हे. तुमच्या बहिणीला काय आवडतं?" मी उत्तर लिहायला बसले. तुझा रक्तगट मला माहीत आहे. पेनिसिलिनने तुझ्या अंगावर पुरळ उठतं हे माहीत आहे. दहावीचे विषयवार मार्क पाठ आहेत. बाबा गेले तेव्हा तू बारा वर्षांची होतीस आणि मी बावीसची, तेव्हापासून तुझ्या प्रत्येक फॉर्मवर माझी सही आहे. आणि तुला समुद्र आवडतो की डोंगर, हे मला सांगता येईना. शेवटी लिहिलं, माहीत नाही. विचारायला हवं. सध्या ती बोलत नाही.

ती म्हणाली, तोपर्यंत मी पायऱ्या पुसून ठेवते.

डेक्लन, मी तुला बैल म्हणाले याची मला लाज वाटते. पोळ्याचं कारण खोटं होतं. ती मला न विचारता कुणालातरी निवडून घरी घेऊन आली होती, याचा तो राग होता. तुझ्या जागी कुणीही असता तरी मी काहीतरी खोट काढलीच असती.

तिला पेज दे. मीठ आणि थोडं तूप. नको म्हणाली तर ठेवून जा, मग खाते.

रेवतीताई

ओंगार
२८ फेब्रुवारी २०२१

मुक्ता,

तुझं कार्ड आलं. मी ते फ्रिजवर लावलंय. "ताई, बरी आहे. कामावर परत गेले. समुद्र नाही, डोंगर नाही, जुनी शहरं आवडतात. फेज चालेल. हॉटेल मी निवडणार. तू एक अक्षर बोलायचं नाहीस. मु."

एक अक्षर बोलत नाही. सोबत तिन्ही हॉटेलांची माहिती पाठवतेय. मूळ तक्त्यात शेवटचा रकाना माझ्या शेऱ्यांचा होता. तो मी काढला. रुचाने तपासला आणि म्हणाली, "मॅम, यू लेफ्ट द रेड कलर." कारंजेवाल्याच्या ओळीला लाल रंग राहिला होता. तो काढला. मग म्हणाली, नईमाचं नाव तेवढं ठळक का? तेही काढलं. तरी ती म्हणते ऑर्डर बायस्ड आहे, म्हणून आता अक्षरानुक्रमे लावलंय. माझ्या पोरीला मी कधी चाचण्या घ्यायला शिकवलं नव्हतं, कुठून उचललं देव जाणे.

बास. बोलत नाही.

ताई

ओंगार
६ जून २०२१

मुक्ता,

कारंजेवालं.

ठीक आहे. छान आहे. उत्तम निवड.

ही तीन वाक्यं लिहायला मला चार दिवस लागले, म्हणून उशीर झाला. तू फोनवर सांगितलंस तेव्हा मी म्हटलं, "वा," आणि मग नळ चालू राहिलाय असं सांगून फोन ठेवला. नळ बंद होता. बागेत जाऊन कपडे वाळत घातले, ओले नव्हते तरी. शेजारची बाई भिंतीवरून म्हणाली, "यू आर ग्रँड, रेवती?" मी म्हटलं, ग्रँड.

सगळ्यांत अवघड नईमाला लिहिणं होतं. सहा महिने त्या बाईने मला खिडक्या, चादरी, लिंबाचं झाड, सगळं व्हिडिओवर दाखवलं, आणि मी तिला सांगायचं की बहिणीने समोरचं दुकान पसंत केलं! मी फार घुटमळत लिहिलं. तिचं उत्तर तासाभरात आलं. "देवाची कृपा, शेवटी तिला कुणीतरी विचारलं. चहाला मात्र माझ्याकडेच यायचं. कारंजेवाल्यांचा पुदिना चांगला नसतो."

मी आता फोनवर तुझ्याशी बोलते, पण काही गोष्टी मला कागदावरच जमतात. त्यातली एक ही, की मला वाईट वाटलं आणि तरी बरं वाटलं. दोन्ही एकदम कसं वाटतं ते तू डॉक्टर आहेस, तूच सांग.

ताई

ओंगार
६ ऑक्टोबर २०२१

मुक्ता,

लग्न सुरेख झालं. सतरा सप्टेंबरला, शुक्रवारी, रजिस्ट्रारकडे वीस मिनिटांत, आणि सोमवारपासून पितृपक्ष, तेव्हा वेळेत उरकलंस म्हणून आईपण खूश. डेक्लनच्या आईने माझा हात धरून सांगितलं की त्याने घरी सगळ्यांना आधीच बजावलं होतं, रेवतीताई काहीही बोलली तरी मनात प्रेम असतं. मला कुठे बघावं कळेना.

आणि आता हे! इतकी वर्षं गुरं सांभाळणारा माणूस, आणि लग्नाला तीन आठवडे होत नाहीत तोवर एका कालवडीने गुडघ्यावर लाथ घालावी? तू म्हणतेस सहा आठवडे प्लास्टर. फेजमध्ये गाडी जात नाही, पायऱ्याच पायऱ्या, आणि तिथल्या खेचरावर हा बसला तर खेचराला डॉक्टर लागेल.

काल तो फोनवर म्हणाला, "ताई, तुम्ही दोघी जा." मी म्हटलं, वेडा आहेस का, हनिमून आहे. तो म्हणाला, "मुक्ताने दीड वर्ष सुट्टी घेतली नाही. ती थांबली तर माझ्याजवळ बसून माझा गुडघा बघत राहील. मला नको. तिला घेऊन जा." मग तू फोन घेतलास आणि म्हणालीस, "त्याचं ऐकू नकोस. तू मला घेऊन जायचं नाहीस. मी जातेय. तुला यायचं असेल तर ये."

मी विचार करून सांगते म्हणाले. विचार वगैरे काही केला नाही. बॅग काल दुपारीच भरली.

ताई

फेज
१७ ऑक्टोबर २०२१

प्रिय डेक्लन,

मोठ्या अक्षरांत लिहितेय, म्हणजे अंकलिपी लागणार नाही. गुडघा उशीवर ठेव.

पॅरिसमार्गे काल सकाळी पोचलो. वेशीपासून एक म्हातारा हातगाडीवर आमच्या बॅगा घेऊन पुढे, आम्ही मागे. मागून "बालाक, बालाक!" असं ओरडत खेचर आलं की भिंतीला चिकटायचं. मी दर वेळी मुक्ताला ओढत होते. तिसऱ्यांदा तिने माझा हात सोडवला आणि म्हणाली, "ताई, मला खेचर दिसतं."

हॉटेल बाहेरून भिंत, आतून राजवाडा. कबूल करते. मालकाने दारात हार घालून स्वागत केलं आणि आम्हाला खोलीत नेलं. एकच भला मोठा पलंग, त्यावर गुलाबाच्या पाकळ्यांचा बदाम, टॉवेलांचे दोन हंस चोचीला चोच लावून. कारण बुकिंग हनिमूनचं! मालक आमच्याकडे बघतो, आम्ही त्याच्याकडे. मुक्ता अतिशय गंभीरपणे म्हणाली, "माय सिस्टर." तो म्हणाला, "येस, मादाम." त्या एकेचाळीस प्रश्नांना त्याने तेच उत्तर का दिलं होतं ते कळलं. त्याला इंग्रजी तेवढंच येतं. प्रामाणिक माणूस आहे बिचारा.

मुक्ता अंघोळ करून म्हणाली, पाच मिनिटं पडते. अकरा तास झोपली. कारंजं अखंड चालू. मी अधूनमधून जाऊन तिचा श्वास बघून आले. जानेवारीत तू हेच करत असशील. उठल्यावर म्हणाली, "पाण्याच्या आवाजात मशीनचे बीप ऐकू येत नाहीत. इतके दिवस झोपेतही यायचे." तिने हे हॉटेल का निवडलं, हे मी तोवर विचारलंच नव्हतं.

मग चौकात बसून आम्ही बोललो. तू विचारशील म्हणून सांगते, भांडलोही. ती म्हणाली, "त्या दिवशी मला राग तू त्याला बैल म्हणालीस म्हणून आला नव्हता. तो तर गाडीत हसत होता. तू मला पानावर काय वाढायचं ते ठरवलंस, कुठे बसायचं ते ठरवलंस, आणि मी गप्प बसले. आयसीयूत मी रात्रंदिवस निर्णय घेते, आणि तुझ्यासमोर बारा वर्षांची होते. मला माझाच राग आला. तुझ्यावर काढला."

मी म्हटलं, "बाबा गेले तेव्हा कुणीतरी ठरवायला हवं होतं."

"हो. तू होतीस म्हणून मी आहे. पण मी मोठी झाले हे तुला कुणी कळवलंच नाही."

मी म्हटलं, "कळवायला हवं होतंस." आणि दोघी रडायला लागलो. मालक धावत चहा घेऊन आला. पुदिना खरंच चांगला नव्हता.

आज सकाळी नईमाकडे गेलो. दारातच तिने मला मिठी मारली. पाहुणे हळूहळू यायला लागलेत, चार खोल्या भरल्यात तिच्या. पायऱ्या मी मोजत चढले, सेहेचाळीसच. मुक्ताला ती तास-दोन तास तिच्या आवडीनिवडी विचारत बसली, आणि मी शेजारी बसून सगळं पहिल्यांदा ऐकत होते. तिला वेलदोडा आवडत नाही. मी इतकी वर्षं तिच्या शिऱ्यात घालत आले.

परत येताना गल्लीत एक सार्वजनिक भट्टी लागली. घराघरांतून बायका पिठाचे गोळे फळीवर ठेवून आणतात आणि तिथे भाजून नेतात. मुक्ता बघत उभी राहिली. एका म्हाताऱ्या बाईने आपली गरम भाकरी मोडून अर्धी तिला दिली, आणि माझ्याकडे बोट करून काहीतरी विचारलं. शेजारच्या मुलीने फ्रेंचमध्ये सांगितलं, मुक्ताला थोडं फ्रेंच येतं. म्हातारी विचारत होती, ह्या कोण?

मुक्ताने तिला उत्तर दिलं, आणि मग मला मराठीत सांगितलं, "मी म्हटलं, ही माझी मोठी बहीण. हिला मी घेऊन आलेय."

डेक्लन, अठ्ठेचाळीस वर्षांत मला कुणी कुठे घेऊन गेलं नव्हतं. सगळीकडे सगळ्यांना मीच नेत आले. तिने भाकरीचा मोठा तुकडा माझ्या हातात दिला आणि पुढे चालायला लागली. वळण चुकीचं होतं, मला नकाशा पाठ आहे. तरी मी तिच्या मागोमाग गेले.

तुझी,
रेवतीताई